नऊ नंबरचा दहावा

एका नदीकाठच्या गावात एकदा एका जिवंत मुलीचा दहावा घातला गेला. घालणारी तिची गुरू होती, आणि जिचा घातला ती समोरच बसली होती.

तिचे नाव प्रणोती. ती व्यावसायिक बास्केटबॉल खेळे. विसाव्या वर्षी तिला नऊ नंबरची जर्सी मिळाली. दोन हंगाम ती परदेशातल्या संघाकडूनही खेळली आणि परतल्यावर इथल्या एका संघाची कर्णधार झाली. अठ्ठाविसाव्या वर्षी एका अंतिम सामन्यात शेवटचे चार सेकंद उरले असताना, पास द्यायचा सोडून तिने स्वतःच उडी घेतली. चेंडू रिंगवर आदळून बाहेर गेला. ती वाकडी पडली आणि उजव्या गुडघ्याचे लिगामेंट तुटले. संघ एका गुणाने हरला.

शस्त्रक्रिया झाली, वर्ष गेले, ती परत मैदानात उतरली. आणि तेव्हापासून ते सुरू झाले.

खेळताना तिला डोळ्याच्या कोपऱ्यातून कुणीतरी बास्केटकडे झेपावताना दिसे. अगदी मोकळी, हात वर केलेली. प्रणोती पास देई, आणि चेंडू रिकाम्या जागेतून थेट खुर्च्यांत जाऊन पडे. पहिल्यांदा साऱ्या हसल्या. पुढे त्या पासांपायी सामने जाऊ लागले. एकदा संघातल्या सर्वांत लहान मुलीने तिला बाजूला घेऊन विचारले, "ताई, तू पास देतेस कुणाला?"

"नऊ नंबरला," प्रणोती बोलून गेली. नऊ नंबर तिच्याच पाठीवर होता.

दोन वर्षे असेच चालले. व्यवस्थापकांनी तिला शेवटचा एक हंगाम देऊ केला. डॉक्टरांनी सांगितले, गुडघा पुन्हा पिरगळला तर जन्मभर काठी घ्यावी लागेल. खेळावे की थांबावे हे तिला ठरवता येईना. तेव्हा ती गावी, आपल्या पहिल्या गुरूकडे गेली.

त्यांना सगळे नुसते 'बाई' म्हणत. वय ऐंशीच्या पुढे. शाळेमागच्या मैदानावर त्यांनी मुलींच्या दोन पिढ्या घडवल्या होत्या. त्यांनी सर्व ऐकले आणि एवढेच विचारले, "ती दमलेली दिसते का गं?"

प्रणोती विचारात पडली. "नाही, बाई. तिला घामसुद्धा येत नाही."

"हं. उद्यापासून दहा दिवस दुपारी बाराला इथे येऊन बस. चेंडू आणू नकोस."

वैशाखातली दुपार. मैदानावर चिटपाखरू नसे. दोघी पायरीवर बसत. पहिले दोन दिवस काहीच घडले नाही. तिसऱ्या दिवशी प्रणोतीला चेंडू आपटल्याचा आवाज ऐकू आला. धप्, धप्, थोडे थांबून पुन्हा धप्. वारा नसताना रिंगची जाळी हलली. भास असेल म्हणून तिने बाईंकडे पाहिले. बाईंची मान डावीकडून उजवीकडे हळूहळू वळत होती, धावणाऱ्या कुणाचा तरी माग घ्यावा तशी.

दहाव्या दिवशी बाई आल्या त्या पत्रावळी, शिजवलेला भात, तीळ आणि दर्भ घेऊन. रिंगच्या बरोबर खाली त्यांनी पत्रावळ मांडली आणि भाताचा पिंड ठेवला. शेजारी प्रणोतीच्याच पिशवीतली नऊ नंबरची जर्सी घडी करून ठेवली.

प्रणोती ताडकन उठली. "बाई! मी जिवंत आहे!"

"तू आहेस. मी तिचं करतेय. संन्यास घेणारे स्वतःचं श्राद्ध घालतातच ना? बस खाली."

एक कावळा कुठूनसा येऊन रिंगवर बसला. खाली मात्र येईना. बाई म्हणाल्या, "तिची काहीतरी इच्छा राहिलीय. विचार करून बोल."

"मी पुन्हा अंतिम सामन्यात खेळेन," प्रणोती म्हणाली. कावळा हलला नाही.

"चषक जिंकून आणेन."

"तुझं नाव राखेन."

कावळा मान तिरकी करून तिच्याकडेच पाहत राहिला. प्रणोती कळवळून म्हणाली, "बाई, दर्भाचा कावळा करून लावा ना, संपवा हे!"

"तसं करून आपण मोकळ्या होऊ, ती नाही होणार." बाईंचा आवाज मृदू झाला. "हे बघ, मेलेल्यांचीच भुतं होतात असं नाही. ज्या क्षणाला आपण पाठ फिरवतो, तिथे आपलं एक माणूस उभंच राहतं. त्या दिवशी तुला उचलून नेलं, तिला कुणी नेलं नाही. सामना संपला हे तिला कुणी सांगितलेलं नाही. ती अजून हात वर करून उभी आहे. खरं सांग, तीन वर्षं तू तिला काय बोलतेस?"

प्रणोती जर्सीकडे बघत म्हणाली, "शिव्या देते. रोज. पास दिला असतास तर जिंकलो असतो, म्हणते. माझं सगळं तू घालवलंस, म्हणते."

मग ती रिंगखाली गुडघ्यावर बसली. गुडघा दुखला, तरी बसली.

"सामना संपला गं," ती रिकाम्या जागेला म्हणाली. "आपण हरलो. तू उडी मारलीस ती जिंकायलाच. यापुढे मी तुला बोल लावणार नाही. जा आता."

पंख फडफडले. कावळा उतरला आणि पिंडाला शिवून नदीकडे उडून गेला. मैदान इतके शांत झाले की दोघींना एकमेकींचा श्वास ऐकू आला.

प्रणोती तो हंगाम खेळली. कमी धावली, नेमकी उभी राहिली, आणि तिचे पास हाडामांसाच्या हातांत पोहोचले. चषक मिळाला नाही. हंगाम संपल्यावर ती निवृत्त झाली आणि मुलींना शिकवू लागली.

पण ते पुढचे. त्या दुपारी हात धुताना तिने विचारले, "बाई, तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

बाईंनी पदराला हात पुसले. "कुणी नाही. राज्याच्या संघात निवड झाली त्याच महिन्यात माझं लग्न लावलं. वीस वर्षांची होते. माझीही तशीच एक उभी आहे इथे. साठ वर्षं झाली. तिला काय सांगू, सामना संपला म्हणून? तिला तो खेळूच दिला नाही."

पातेल्यात थोडा भात उरला होता. प्रणोतीने त्याचा पिंड वळला, दुसरी पत्रावळ मांडली आणि बाईंना हाताला धरून त्या पत्रावळीसमोर बसवले.

"बोला तिच्याशी," ती म्हणाली. "वेळ लागू दे. मी बसलेय."