रिकामी परतलेली बरणी

एका राज्यात एक रीत होती. भरलेलं भांडं घरी आलं, तर ते रिकामं परत पाठवू नये. शेजारणीने वाटीभर भाजी दिली, तर त्या वाटीत चार मिरच्या नाहीतर मूठभर शेंगा घालून वाटी परत जायची. घरात काहीच नसलं तर साखरेचे चार दाणे जायचे. ही रीत कुणी लिहून ठेवली नव्हती. आया लेकींना सांगत, सासवा सुनांना सांगत. पुरुषांच्या कानावर ती फारशी पडत नसे.

ते राज्य डोंगरांच्या कुशीत होतं. कार्तिकातली अमावास्या झाली की उत्तरेचा हिमवारा सुटे. वेल जळून जात, घाटाची वाट बर्फाने बुजे आणि पुढे चार महिने हिरवं पान दिसत नसे. म्हणून आश्विन लागला की घरोघरी परसात लगबग सुरू होई. कारली चिरून काचऱ्या वाळत, कोहळ्याचे सांडगे घातले जात, आवळे मुरत, मिरच्यांच्या माळा आढ्याला चढत. त्या साठ्यावर सगळं राज्य चैत्राचं तोंड पाही.

पूर्वेच्या रानात, पायी दोन दिवसांच्या वाटेवर, तुळंबा नावाची चेटकीण राहत होती. तिच्या परसातले दुधी दिवसा दिव्यांसारखे उजळत, वांगी आपापसांत कुजबुजत आणि एका कोहळ्याच्या सावलीत बैलगाडी उभी राही. दर आश्विनात तिच्याकडून राजवाड्यात लिंबाच्या लोणच्याची बरणी येई. दोन बगळे चोचीत दोरी धरून ती आणत. थोरल्या राणीसाहेब त्याच बरणीत कारल्याच्या काचऱ्या भरून परत पाठवत. असं चाळीस वर्षं चाललं होतं. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं.

चाळीस वर्षांनी थोरल्या राणीसाहेब वारल्या. त्यांचा मुलगा पुरंजय गादीवर बसला. स्वभावाने लाजाळू, मनाने सरळ. त्याची राणी कनकांगी समुद्राकाठच्या मुलखातली. तिच्या माहेरी ही रीत नव्हती. आश्विन आला, बरणी आली. राणीला दिवस गेले होते, आंबटाचे डोहाळे होते. आठ दिवसांत बरणी संपली.

राजाला वाटलं, कुणा आजीबाईचं भांडं आहे, स्वच्छ करून द्यावं. त्याने ते स्वतःच्या हाताने राखेने घासलं, तीन उन्हं दाखवली, तोंडाला नव्या रेशमी फडक्याचा दादरा बांधला आणि बगळ्यांच्या हवाली केलं. मनातून तो खूश होता.

दुसऱ्या दिवशी बगळे बरणी घेऊन परत आले. राजाने दादरा सोडला. आत लोणचं नव्हतं, तुळंबाचा आवाज होता.

"राजा, वर्षभर मी या बरणीची वाट पाहते. आज उघडली, तर आतून नुसता वारा निघाला. आता तुझ्या राज्यात कुणाचं साठवलेलं टिकणार नाही. दिवसा भराल ते पहाटे नाहीसं होईल."

तसंच झालं. बरण्या रिकाम्या झाल्या, कणग्या रिकाम्या झाल्या, शिंक्यावरचं तूप गेलं, पदरात बांधलेले दाणेही गेले. वेलावर आणि शेतात उभं होतं तेवढंच उरलं. लोक रोज तोडत, रोज खात. पण हिमवारा येणार होता. प्रधान सोमदत्त म्हणाला, "महाराज, घाट उघडा आहे तोवर राज्य सोडून गेलं पाहिजे. इथे राहू ते उपाशी मरू."

राजाने वैद्यांना विचारलं, "राणी घाट चढेल?"

वैद्य म्हणाले, "नववा महिना लागला आहे. चढल्या तर आईचीही आशा नको, बाळाचीही नको."

राजा उठला. त्याने बरणी काखेत घेतली.

"कुठे निघालात?" राणीने विचारलं.

"माफी मागायला. अमावास्येला वीस दिवस आहेत."

"तिने तुम्हाला बेडूक केलं तर?"

"तर डबक्यात शोध," राजा म्हणाला. राणीला हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही आलं.

राजाचा घोडा रानाच्या वेशीशी थांबला. त्या रानात घोड्याला वाट मिळत नसे. राजा पायी निघाला. दोन दिवसांनी परस लागलं. कुंपणावर एक साळुंकी बसली होती. ती म्हणाली, "आला बाई, भांडी घासणारा राजा."

तुळंबा ओट्यावर बसली होती. राजाने खाली वाकून म्हटलं, "आजी, चुकलं. मला रीत ठाऊक नव्हती, दासींनी आता सांगितली. शाप मागे घ्या."

"बोललेला शब्द म्हणजे पेरलेलं बी," तुळंबा म्हणाली. "मलाही ते उकरून काढता येत नाही. तीन कामं कर, म्हणजे ते आपोआप सुकेल. पहिलं काम. सूर्य मावळायच्या आत हे परस तोड. तयार झालं असेल तेच तोड. एक जरी कोवळं तोडलंस, तरी वेल तुला ओढून नेतील."

राजाने जन्मात भाजी तोडली नव्हती. त्याने एक दोडका धरून जोरात ओढला. सगळा मांडव हलला.

"अरे, दोडका आहे तो," साळुंकी ओरडली. "तलवार उपसतोस होय?"

"बाई, तयार कोणतं ते कसं ओळखू?"

"बाई म्हणालास म्हणून सांगते. कान लाव. कोवळं असतं ते गुणगुणतं. तयार झालेलं गप्प असतं."

राजाने कान लावला. खरंच, कोवळे दोडके आतल्या आत गुणगुणत होते. गप्प बसलेले तेवढे त्याने देठाला पिळा देऊन अलगद काढले. मग काकड्या, मग तोंडली, मग कारली. हाताला कुसं टोचली, बोटं हिरवी झाली. प्रत्येक वेलापाशी तो "येतो हं" म्हणे आणि पुढे जाई. तसं म्हणायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. नुसतंच घेऊन निघायला त्याला संकोच वाटे. सूर्य मावळला तेव्हा तेरा डालग्या भरल्या होत्या आणि वेल जागच्या जागी होते.

"दुसरं काम," तुळंबा म्हणाली. "हे सगळं चिरून तीन दिवसांत वाळव. पुढच्या पावसाळ्यातही कडकडीत राहिलं पाहिजे."

राजा विळीवर बसला. पहिल्या डालगीपाशी तीनदा बोट कापलं, तेराव्या डालगीपाशी एकदाही नाही. त्याने फोडींना मीठ चोळलं, अंगणात पसरल्या. पण त्या अंगणातला सूर्य उतावळा होता. तो भिंतीवरून डोकावे आणि निघून जाई. पहिला दिवस असा गेला, दुसराही गेला. फोडी ओल्याच.

तिसऱ्या दिवशी राजाने अंगणात घोंगडी अंथरली. तांब्याभर पाणी ठेवलं, गुळाचा खडा ठेवला. सूर्य भिंतीवर आला तसा राजा हात जोडून म्हणाला, "बसा ना. फार दुरून येता."

सूर्य थांबला. "घाईत आहे," तो म्हणाला. मग त्याने खाली पाहिलं. "गूळ मात्र चांगला दिसतो."

तो घोंगडीवर येऊन बसला. गूळ खाल्ला, पाणी प्याला, पश्चिमेच्या समुद्रातल्या मासोळ्यांच्या गोष्टी सांगितल्या. त्या दिवशी त्या अंगणात दिवस फार लांबला. सूर्य उठला तेव्हा काचऱ्या हातात चुरचुर वाजत होत्या, आणि घोंगडीला बसल्या जागी चांगलं मोठं भोक पडलं होतं.

तुळंबा दारात उभी राहून पाहत होती. ती म्हणाली, "तिसरं काम. ही माझी बरणी. तुझ्या जमिनीत पिकलेलं, तू हाताने केलेलं, हिच्यात भर आणि मला आणून दे. बाकी काही नको."

राजाला वाटलं, हे तर सोपं आहे. तो राज्यात परतला. त्याने राजवाड्याच्या परसातले आवळे तोडले, लोणचं घातलं, बरणी भरली आणि निघाला. वाटेत पहाट झाली. बरणी हलकी झाली. पाहतो तो आत काही नाही. तो मागे फिरला. वाड्यावर थांबलेल्या बगळ्यांना म्हणाला, "तुम्ही न्या." बगळे म्हणाले, "शापाचं ओझं आम्ही उचलत नाही." त्याने पुन्हा बरणी भरली. पुन्हा पहाट झाली, पुन्हा बरणी हलकी झाली. वाट दोन दिवसांची आणि शापाची मुदत एका पहाटेची. मेळ कसा बसावा?

तिसऱ्या खेपेला राणी दारापर्यंत आली. आता तिला उभं राहणंही जड जात होतं. ती म्हणाली, "एक विचारू? या बरणीतलं तिला काय आवडायचं, ते विचारलंत कधी?"

"नाही," राजा म्हणाला.

"मग कसली माफी मागता?"

त्या खेपेला राजा उजाडताच निघाला आणि कुठेही न टेकता चालत राहिला. दुसऱ्या दिवशी पहाटे तुळंबाच्या चुलीचा धूर दिसू लागला. कुंपण शंभर पावलांवर होतं. तेवढ्यात त्याच्या काखेतली बरणी हलकी झाली.

तो तसाच चालत गेला आणि ओट्याखाली बसला. बरणी समोर ठेवली.

"रिकामी," तुळंबा म्हणाली.

"हो." राजाला राणीचा प्रश्न आठवला. मग म्हणाला, "आजी, माझी आई यातून पाठवायची, त्यातलं तुम्हाला काय आवडायचं?"

तुळंबाला हा प्रश्न कुणी कधी विचारला नव्हता. ती आठवून आठवून बोलू लागली. "कारल्याच्या काचऱ्या. तुझ्या आईचा हात मिठाला जड. दर वर्षी मी इथे बसून म्हणे, अगं बाई, मीठ कमी घाल. तिला ऐकू कसं जाणार? पण मी वर्षभर पुरवून पुरवून खाई. माझ्या परसात सगळं पिकतं रे. पण स्वतःच्या हाताची चव स्वतःला लागत नाही. दुसऱ्याच्या हातचं मला तेवढंच मिळे."

"मग येऊन सांगायचं होतं तिला."

"बोलावलं कुणी?"

राजा उठून उभा राहिला. त्याचे कान लाल झाले. "मी बोलावतो. बरणी इथवर येत नाही, तर तुम्ही तिथवर चला. आमच्याकडे जेवायला या."

तुळंबाने स्वतःच्या लुगड्याकडे पाहिलं. साळुंकी म्हणाली, "नाही यायची ती. चार माणसांत नेसायचं लुगडं नाही तिच्यापाशी."

"तू गप गं," तुळंबा म्हणाली आणि आत गेली. बाहेर आली ती घडीचं हिरवं लुगडं नेसून. त्याच्या घड्या चाळीस वर्षांच्या होत्या, काही केल्या मोडत नव्हत्या.

दोघं राज्यात पोचली तेव्हा अमावास्येला तीन दिवस उरले होते. लोकांनी गाड्या भरल्या होत्या. कुणी भ्यायलं, कुणी रागाने पाहिलं. राजा दारोदार गेला आणि म्हणाला, "पाहुणी आली आहे. वेलावर काही असेल तर द्या." एका घरून दोन कारली आली, एका घरून तीन आवळे. कुंभाराच्या सुनेने मूठभर मिरच्या दिल्या आणि म्हणाली, "महाराज, तिला सांगा, तिखट आहेत. नंतर आणखी शाप नको."

राजाने स्वतः चिरलं, स्वतः मीठ लावलं, बरणीत भरलं. कनकांगीने पाट मांडला, रांगोळी काढायला वाकता येईना म्हणून चार फुलं ठेवली. तुळंबा जेवायला बसली. सगळं राज्य अंगणात उभं होतं. तिने भाकरीचा तुकडा मोडला, फोडीला लावला, खाल्ला.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

"आजी, तुम्हीच म्हणाला होतात की..."

"ते तुझ्या आईला म्हणत होते." तिने डोळे पुसले. "वाढ आणखी."

ती पोटभर जेवली. तिने राणीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "सुखी राहा." बरणीच्या तळाशी चार फोडी उरल्या होत्या. त्यावर राजाने दादरा बांधला.

पहाटे सगळे बरणीभोवती जमले. राजाने दादरा सोडला. चारही फोडी जागच्या जागी होत्या आणि रसात बुडाल्या होत्या.

मग गाड्या रित्या झाल्या. दोन दिवसांत राज्याने दोन महिन्यांचं काम केलं. घरोघरच्या विळ्या राजवाड्याच्या अंगणात आल्या. तुळंबाच्या परसातल्या तेरा डालग्यांच्या काचऱ्या बगळ्यांनी वाहून आणल्या, आणि खेपा मोजून मोजून साळुंकीचा घसा बसला. उरलेलं सगळं तोडलं, चिरलं, खारवलं. कुणाचं कोणतं हे पाहायला वेळ नव्हता. सगळं एकत्र झालं आणि माणसांप्रमाणे घरोघरी वाटलं गेलं.

अमावास्येला हिमवारा आला. घाट बुजला. राज्य सोडून कुणीही गेलं नव्हतं. त्याच आठवड्यात कनकांगीला मुलगी झाली. तिला पहिली आंघोळ तुळंबाने घातली.

पौषातल्या एका दुपारी, बाहेर सगळं पांढरं झालेलं असताना, राणीने बाळंतिणीच्या ताटातली काचरी उचलली आणि विचारलं, "ही कुणाच्या घरची हो?"

राजाने काचरी निरखून पाहिली. तिच्यावर कुणाचंच नाव नव्हतं. तो खिडकीपाशी गेला. खाली प्रत्येक घरावर धूर होता. त्याने त्या सगळ्या धुरांना हात जोडले आणि येऊन जेवायला बसला.

त्या घरांना जसं हिवाळाभर पुरलं, तसं ऐकणाऱ्यांना पुरो, आणि सांगणाऱ्यालाही पुरो.