बुडवलेली माती

"मग तळं गिळलं कोणी, महाराज?"

आसावरीनं लॅपटॉप चैतन्यगिरींच्या पुढ्यात सरकवला. नमस्कार केला नाही. ती याच मठाची शिष्या होती, पण आज शिष्या म्हणून आलीच नव्हती.

पडद्यावर उपग्रहानं वर्षावर्षाला टिपलेली शहराची चित्रं ओळीनं मांडली होती. निळं ते पाणी, करडं ते बांधकाम, तपकिरी ती उघडी माती. मठामागचं निळं तळं दरवर्षी आक्रसत गेलं होतं. शेवटच्या चित्रात ते नव्हतंच.

"या तळ्यात थांबणारं पाणी गेल्या पावसात खालच्या वस्तीत घुसलं. माणसं गेली. उद्या चौकशी समितीला माझा अहवाल द्यायचाय. भराव कुणी घातला, ते लिहायचंय."

"कुणी घातला?"

"शेजारच्या बिल्डरनं, आणखी कोण! पण माती त्याच्या कुंपणाकडून आलेली नाही. तुमच्या घाटाकडून पसरत गेलीय. म्हणजे त्याचे डंपर मठाच्या फाटकातून आले. तुम्ही येऊ दिलेत. खरं सांगा, उगाच डोळे मिटून बसू नका."

महाराजांचे डोळे उघडेच होते.

"डंपर कधीच आला नाही, पोरी."

"मग?"

"दीक्षेच्या दिवशी तू काय आणलं होतंस?"

"काय म्हणजे... टोपलीभर माती. घरच्या अंगणातली. सगळेच आणतात."

"कशाला?"

"मीपण बुडवायला."

"कुठे बुडवलंस?"

आसावरीनं तोंड उघडलं...

घाटाची खालची पायरी. घोट्याला लागलेलं गार पाणी. टोपली उपडी केली तेव्हाचा तो डुबुक आवाज. केवढं हलकं वाटलं होतं!

"टोपल्यांनी कुठे तळं बुजतं?" ती कशीबशी म्हणाली.

"गुरुपौर्णिमेला रांग फाटकाबाहेर जायची. पुढे मोठी माणसं यायला लागली. एका आमदारांनी तर ट्रॉली आणली. टोपलीत मावेना म्हणाले."

एरवी ती खो खो हसली असती. आज नाही. तिनं आपल्या दीक्षेच्या वर्षाचं चित्र उघडलं. घाटापाशी तपकिरी रंगाची जीभ पाण्यात शिरलेली होती.

हजारदा पाहिलेलं चित्र...

"तुम्हाला दिसत नव्हतं?"

"पाणी हटताना दिसायचं. वाटायचं, शिष्य वाढतायत."

"आणि ते बघून खूश होत बसलात? तिकडे माणसं बुडाली, महाराज!"

ती थांबली. पुढचं वाक्य तिच्या स्वतःवरच येत होतं.

"उद्या काय लिहू?" तिनं विचारलं.

"दिसलं ते."

"मठ पाडतील."



चैतन्यगिरी उठले. बागेच्या कोपऱ्यातली कुदळ उचलली आणि अनवाणी घाट उतरले. जिथे पाणी असायचं तिथे आता सपाट मैदान होतं, उत्सवाच्या मांडवाचे खांब होते. शेवटच्या पायरीखालीच त्यांनी कुदळ मारली. पुन्हा मारली. आणि पुन्हा.

आसावरी धावत खाली आली.

"हे काय चालवलंय? कुठवर खणणार आहात?"

"माझी टोपली लागेपर्यंत. ती सगळ्यांत खाली आहे."