दाव्याला शेळी, सुईला बोकड

गजराच्या मैना शेळीच्या पायाला गाठ आली होती आणि गजराचं लेकरू तर मैनेच्याच दुधावर वाढत होतं. त्यामुळे गजरा जनावरांच्या तपासणी शिबिरात पोचली तेव्हा तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. घाईत तिने मैनेला बोकडांच्या रांगेत बांधलं, तर शहरातून आलेले मोठे डॉक्टर कारखानीस सगळ्यांदेखत खेकसले, "अक्कल आहे का बाई? शेळ्या पलीकडे!"

मैनेची पाळी आली. डॉक्टर ऐटीत म्हणाले, "गाठ कापायला हे भुलीचं नवं औषध. याने सूजसुद्धा उतरते. कितीतरी बोकडांवर वापरून पाहिलंय."

"आणि शेळ्यांवर, साहेब?" गजराने भीत भीत विचारलं. "हिला उलट जास्तच सूज चढली तर?"

"जनावर ते जनावर! त्यात नर-मादी काय बघायचं?"

गजराने मैनेला पोटाशी धरलं. "मघाशी दावं बांधताना ही शेळी होती, साहेब. सुई टोचताना तिचा बोकड कधी झाला?"

रांगेत हशा पिकला. डॉक्टरांनी सुई खाली ठेवली. "जुनंच औषध काढा," ते मदतनिसाला म्हणाले. "नवं आधी शेळ्यांवर पारखून बघू."

"बघा की," गजरा म्हणाली, "पण माझी मैना सोडून."