शास्त्रीबुवांचं उपरणं

कोंडाजी तांबटाला खुनाच्या खटल्यात फाशीची शिक्षा झाली, तशी त्याची बहीण सगुणा दाद मागायला थेट राणीसाहेबांपुढे उभी राहिली.

"आमचा साक्षीदार बोलत होता, तेव्हा न्यायाधीश झोपले होते."

तिथेच बसलेले न्यायाधीश अनंतशास्त्री कडाडले, "मी डोळे मिटूनच ऐकतो. एक शब्द सुटत नाही माझ्या कानातून."

सगुणाने पदराआडून जरीचं उपरणं काढलं.

"हे तर माझं," शास्त्री म्हणाले. "कोणी चोरलं ते कधीचा शोधतोय."

"चोरलं नाही, शास्त्रीबुवा. त्याच साक्षीच्या वेळी भर कचेरीत तुमच्या खांद्यावरून उचललं. 'घेऊ का?' म्हणून खणखणीत आवाजात विचारलंही होतं."

राणीसाहेबांनी फाशी रद्द करून खटला दुसऱ्या न्यायाधीशाकडे सोपवला.

सगुणाने उपरण्याची घडी शास्त्र्यांपुढे ठेवली आणि ताठ मानेने म्हणाली, "आता हे पांघरून घरीच निवांत झोपा."