फिरकीची निवड आणि लिंबाचं सरबत

चंदनपूरच्या राष्ट्रीय संघात फिरकी गोलंदाजांच्या जागा तीन, उमेदवार चार, आणि दरबारात नऊ दिवस नुसती हाणामारी! परवा शेजारच्या पळसगडशी सामना, आणि इकडे अजून संघच ठरेना.

उमेदवार तरी कसे, एकापेक्षा एक! पहिला दिवाणजींचा पुतण्या, दुसरा सेनापतींचा जावई, तिसरा राजगुरूंचा मुलगा आणि चौथे साक्षात राणीसाहेबांचे धाकटे बंधू. आणि निवड समितीवर कोण? दिवाणजी, सेनापती आणि राजगुरू! समिती घरचीच, उमेदवारही घरचेच.

"आमच्या पुतण्याचा लेगस्पिन कळायला सात जन्म लागतील," दिवाणजी म्हणाले.

"गेल्या सामन्यात एका षटकात सव्वीस धावा निघाल्या, तेव्हा कसा कळला?" सेनापती फिस्कारले.

"तेव्हा वारा उलटा होता!"

"आणि आपले जावईबापू?" राजगुरू मध्ये पडले. "त्यांच्या गोलंदाजीवर आपलेच क्षेत्ररक्षक धावून धावून आजारी पडलेत!" एवढं बोलून त्यांनी स्वतःच्या मुलाची पत्रिका उलगडली. "हे बघा, शनी वक्री आहे. एवढा मोठा ग्रह उलटा फिरतो, मग चेंडूची काय बिशाद?"

चाचण्याही तीनदा झाल्या होत्या. कुणाचाच चेंडू वळला नाही. एकाच्या डोळ्यावर ऊन आलं, एकाचा खांदा भरला, राणीसाहेबांच्या भावाला तर चेंडूचा रंगच आवडला नाही! शेवटी महाराज भडकले.

"पुरे! आता एकही चेंडू टाकायचा नाही, जुने आकडे काढायचे नाहीत, कुणाच्या मामा-काकांची शिफारस ऐकायची नाही. एवढं पाळून संध्याकाळच्या आत फिरकी गोलंदाज कोण निवडून देतो? बोला!"

राजगुरूंनी पत्रिकेत डोकं खुपसलं. तेवढ्यात दाराशी कुणीतरी खुदकन हसलं. ती द्वारकी होती, मैदानावर रोलर ओढणाऱ्या बाळकूची लेक. खेळपट्टीला पाणी किती मारायचं ते विचारायला बापानं तिला पाठवलं होतं, आणि नऊ दिवस ती हात हलवत परत जात होती.

"का गं हसलीस?" महाराज गरजले.

"हसू नको तर काय करू, महाराज? नऊ दिसात आमची शेळी व्याली, तिची पिल्लं उड्या मारायला लागली, आन् हितं अजून एक गोलंदाज सापडंना!"

"अस्सं? मग तूच निवड! आणि चुकलीस तर बापाची नोकरी गेली, मैदानाकडेची खोपटीही गेली. उद्या गाठोडं उचलायचं!"

बावीस वर्षं बाप त्या मैदानावर राबला होता. पण या चौघांकडे बघून तिला भीतीपेक्षा चीडच जास्त आली.

"निवडते, महाराज. पाच पेले साखरपाणी द्या, पाच लिंबं द्या, आन् येसबा कुंभाराला बोलवा."

"तो नेटमध्ये चेंडू टाकणारा गडी?" दिवाणजींनी नाक मुरडलं. "आमची मुलं फलंदाजीचा सराव करतात, तेव्हा दिवसभर टाकत असतो. त्याचं इथं काय काम?"

"टाकतो न्हवं? मग येऊ द्या की."

येसबा आला, अंग चोरून कडेला उभा राहिला. द्वारकीनं चौघांना विचारलं, "रोज फिरकीचा सराव किती करता?"

"चार तास!" पुतण्या म्हणाला. "पाच!" जावई म्हणाले. "सहा!" राजगुरूंचा मुलगा म्हणाला. राणीसाहेबांचे बंधू म्हणाले, "मी मोजतच नाही!"

"लई दमला असाल! सरबत घ्या. फकस्त, चेंडू फिरवता त्याच हातानं आपापलं लिंबू पिळा."

चौघांनी लिंबं पिळली आणि मिटक्या मारत सरबत प्यायले. येसबानं लिंबू दाबलं मात्र, "आई गं!" म्हणून बोंब ठोकली आणि हात झटकत थयथय नाचू लागला.

"लिंबानं रडतोय! हा म्हणे गोलंदाज!" चौघेही खो खो हसले.

द्वारकीनं येसबाचा उजवा हात महाराजांपुढे धरला. तर्जनीची कातडी पेरापाशी सोलून लाल झाली होती. "चेंडू फिरवायला त्याची शिवण दिसभर ओढली की बोट असं सोलतं, महाराज. त्यावर लिंबू पडल्यावर माणूस वरडणारच. आन् हे सहा-सहा तासवाले! बोटं बघा त्यांची, गादीवर वाढल्यावानी!"

हे ऐकताच जावईबापू हात धरून विव्हळू लागले, "आई गं! माझंही झोंबतंय!"

"जावईबापू, तुम्ही डावखुरे ना? मग उजवा हात का धरलाय?" द्वारकीनं विचारलं.

दरबारात हशा पिकला. दिवाणजी तणतणले, "थट्टा पुरे! तो जातीचा कुंभार, मडकी घडवताना सोललं असेल!"

"कुंभार मडकं दोन्ही हातांनी घडवतो, दिवाणजी. येसबाचा डावा हात बघा, ओरखडासुद्धा न्हाई!"

दिवाणजींनी तो हात उलटसुलट करून पाहिला आणि सोडून दिला. महाराजांना हसू आवरत नव्हतं, पण हट्ट सुटला नव्हता. "येसबा पक्का! पण जागा तीन आहेत, पोरी. तू एकच माणूस दिलास. उरलेल्या दोन जागांचं काय?"

"रिकाम्या ठेवा, महाराज! हे साहेबलोक घेतले असते तरी त्या रिकाम्याच राहिल्या असत्या. वर त्यांच्या जेवणाचा खर्च!"

महाराज इतके हसले, इतके हसले की शेवटी डोळे पुसायला त्यांनी दिवाणजींचंच उपरणं ओढलं. समिती जागच्या जागी बरखास्त झाली, महाराजांच्या गळ्यातला मोत्यांचा कंठा द्वारकीच्या गळ्यात पडला, बाळकूची नोकरी जन्मभर पक्की झाली आणि संघ निवडायचं काम द्वारकीकडे आलं. राणीसाहेबांना ही बातमी सांगायला मात्र महाराज राजगुरूंना पुढे घालून गेले!