पावणेतीनची दुरुस्ती

एकदा एका वृद्ध अध्यापकांनी आपल्या सर्वांत हुशार शिष्याला आठ दिवसांचे मौन दिले, आणि तेही नेमके त्याच्या विजयाच्या दिवशी.

अध्यापकांचे नाव टेंबे सर, शिष्य निषाद. सरांच्या हाताखाली नऊ जण मिळून शाळांसाठी एक मुक्त संगणकप्रणाली तयार करीत होते. कोणीही घ्यावी, वाटावी, बदलावी अशी. जूनमध्ये ती चाळीस शाळांत जायची होती. एकच निर्णय उरला होता. प्रत्येक प्रोग्रॅम शाळेत पोचतो तो बांधलेल्या गाठोड्यासारखा. त्याला ही मंडळी पॅकेज म्हणत. ते कोणत्या पद्धतीने बांधायचे? एक पद्धत जुनी, जगभर रुळलेली. दुसरी निषादने सहा महिने खपून स्वतः घडवलेली.

त्या दिवशी चाचणी झाली. जुने पॅकेज बसायला दोन मिनिटे लागली, निषादचे अकरा सेकंदांत बसले. सगळे खुर्च्या सोडून उभेच राहिले. निषाद सरांकडे वळला.

"सर, आता जुने कशाला?"

सर शांतपणे म्हणाले, "गणिताचा प्रोग्रॅम दोन्ही पद्धतींनी बांध. तुझे पॅकेज डोंगरावरच्या शाळेला पाठव, जुने खाडीकाठच्या. त्यानंतर आठ दिवस कोणाच्याही प्रश्नाला उत्तर द्यायचे नाही."

"पण शंका आल्या तर?"

"येतीलच. तू गप्प राहायचे."

निषादला काहीच उमगेना. पण सरांचा शब्द त्याने मोडला नाही.

दुसऱ्याच दिवशी डोंगरावरच्या शिक्षकांचा निरोप आला. 'प्रोग्रॅम झटकन बसला, मुले खूश आहेत. मात्र पावणेतीन म्हणजे ३.७५ असे दाखवतो. कोठे दुरुस्त करू?' चूक निषादचीच होती. त्याची बोटे उत्तरासाठी शिवशिवत होती. तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच निरोप. पाचव्या दिवशी शेवटचा: 'मुले चुकीचे शिकत आहेत. प्रोग्रॅम काढून टाकला.' निषादला जेवण गेले नाही.

खाडीकाठच्या शाळेकडून मात्र अवाक्षर नव्हते. सहाव्या दिवशी तेथील मुकादम बाईंनी थेट एक पॅकेजच पाठवले. सोबत दोन ओळी होत्या: 'पावणेतीन चुकले होते. पॅकेज उघडून २.७५ केले, पुन्हा बांधले. शेजारच्या तीन शाळांनाही दिले आहे. माझे काही चुकले असल्यास कळवावे.'

निषादने ते पॅकेज बसवून पाहिले. पावणेतीन अचूक होते. तो धावतच सरांच्या घरी गेला.

"सर, या बाईंना मी ओळखतही नाही, आणि त्यांनी माझी चूक सुधारली!"

सर हसले. "आणि डोंगरावरचे गुरुजी काही कमी हुशार नाहीत. मात्र तुझे पॅकेज उघडण्याचे साधन तुझ्याचपाशी, त्याची रीत तुझ्याच डोक्यात. जुन्या पद्धतीची साधने बाईंच्या संगणकात आधीपासून होती, रीत पुस्तकांत होती. तू बसवण्याचा वेग मोजलास, बाळा. उघडणाऱ्याचा हात मोजायचा राहिला. जे दुसऱ्याला उघडता येत नाही, ते फुकट वाटले तरी मुक्त होत नाही."

निषादने विचारले, "डोंगरावरची मुले?"

"त्या गुरुजींची क्षमा मी काल मागितली. बाईंचेच पॅकेज त्यांना धाडून दे. मौन सुटले."

तो उठला, पण दारातच थबकला. "सर, वेग आणणारी माझी दाबून भरण्याची युक्ती जुन्याच पॅकेजच्या आत घालता येईल. उघडण्याची साधने तीच राहतील. अकरा सेकंद नाही जमणार, पण वीस…"

"मग येथे उभा का?"

जूनमध्ये चाळीस शाळांत जुन्या पद्धतीचीच पॅकेजे गेली, बावीस सेकंदांत बसणारी. निर्मात्यांच्या यादीत दहावे नाव मुकादम बाईंचे होते. ते निषादने स्वतः लिहिले.

आपण केलेले काम आपण गप्प असतानाही चालत राहिले, तरच ते आपण खरोखर दिले.