घुशीकडचे उसने दाणे

पाखरांच्या घरीही पाहुणे जेवायला येत, त्या काळातली गोष्ट. ओढ्याकाठच्या उंबरावर ठमाबाई साळुंकी राहत. उंबरं पिकायला थोडे दिवस होते आणि घरात दाणा नव्हता. शेजारच्या सुगरणीकडे मागायचा त्यांना संकोच वाटला, म्हणून त्या गुपचूप बांधावरच्या घुशीकडे गेल्या.

"न्या की, बाईसाहेब!" घूस गोड हसली. "उंबरं पिकली की दुप्पट द्या."

उंबरं पिकली. घुशीला दुप्पट देता देता ठमाबाईंचं घरटं रिकामं झालं, म्हणून पुढच्या बहरापर्यंत त्यांनी पुन्हा उसने दाणे आणले. असं होता होता झाड दर बहराला लगडत राहिलं आणि ठमाबाई मात्र वाळत गेल्या.

शेवटी सुगरणीनं विचारलं, तेव्हा त्यांनी रडत सगळं सांगितलं.

"अगं, मला सांगायचंस ना!"

"तुझ्याकडे मागायची लाज वाटली गं."

"आणि घुशीकडे?"

"ती किती अदबीनं बोलते!"

सुगरणीला हसू आवरेना. तिनं ठमाबाईंपुढे दाणे सारले. ठमाबाई मान खाली घालून जेवू लागल्या आणि पोट भरल्यावर त्यांची मान आपोआप वर आली.